डेक्कन क्वीनमधला इतिहासकार

जाडजूड वैचारिक पुस्तक दिसलं की आपली विकेटच जाते. समाज, धर्म, तत्त्वज्ञान वगैरे प्राध्यापकांनी बघावं, आपण बापडे एक्सेल शीटवाले! पण बॉस, दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) हे आपल्यासारखेच अप-डाऊनवाले. घर पुण्यात, नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि गाडी अर्थातच डेक्कन क्वीन.

पेशाने गणिती. इतिहासाकडे वळले ते नाण्यांमुळे. नाणं हातोहात फिरतं, झिजतं, वजन घटतं; म्हणजे वजनावरून ते किती फिरलं याचा अंदाज बांधता येईल, असा साधा हिशेब. तो त्यांनी आधी चलनातल्या नाण्यांवर तपासला, मग चांदीच्या प्राचीन आहत नाण्यांना लावला. पण ही नाणी पाडली कोणी? त्या प्रश्नाने त्यांना पार इतिहासात खेचलं. १९५६ साली आलेल्या त्यांच्या 'अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी'मध्ये राजांच्या सनावळ्यांपेक्षा महत्त्वाचं काय, तर लोक पोट कशावर भरत होते.

मी मात्र सुरुवात १९६२च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'पासून करायला सांगेन. कारण त्यातला बराच पुरावा आपल्या वीकेंडच्या टप्प्यात आहे. कार्ल्याचंच घ्या. आपण जातो एकवीरेच्या दर्शनाला, येताना लोणावळ्याची चिक्की. बौद्ध लेण्याच्या दारातच देवी कशी, हे कधी डोक्यातही येत नाही. कोसंबी पायी डोंगर हिंडले, दगडाची बारीक हत्यारं गोळा केली आणि म्हणाले, देवीची कितीतरी ठाणी गुराख्यांच्या, व्यापाऱ्यांच्या जुन्या वाटांवर आहेत. लेणी खोदणारे त्याच वाटांनी आले.

सगळं पटतं असं नाही. मार्क्सवादी चौकट काही ठिकाणी जरा ठोकून बसवल्यासारखी वाटते, आणि भाषा तर भलतीच तिखट! पण श्रद्धेच्या विषयावर हा माणूस पुरावा समोर ठेवून बोलतो. पटत नसेल तर जाऊन बघा, वाद घाला. इतिहासावरून मोबाईलवर भांडणाऱ्या आपल्या ग्रुपांमध्ये ही सोय कुठे आहे?

कार्ल्याला जाल तेव्हा टॉर्च ठेवा. चैत्याच्या खांबांवर देणगीदारांची नावं ब्राह्मीत कोरलीत, त्यात धेनुकाकट गावचे यवनही आहेत. दर्शनी भागात त्याच गावच्या एका सुताराचं नाव आहे. दार त्याने केलं होतं.