इंजिनाच्या सदतीस फेऱ्या, चाकाची एक

दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसं जमतात. १९४३ साली याच तारखेला हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे धारातीर्थी पडले. मुरबाडहून म्हसा, नारिवली करत येणाऱ्या वाटेवर अजूनही एखादी जुनी, उंच बॉनेटची महिंद्रा जीप दिसते. कान देऊन ऐकलं तर कधीकधी त्या बॉनेटखालून डिझेलचा जाड ठोका येतो. गाडी पेट्रोलवर जन्माला आलेली असेल, तर ते इंजिन मूळचं नाही. मला नवल वाटतं ते त्या इंजिनाच्या मागे, जमिनीलगत लपलेल्या गिअरबॉक्सचं. नव्या इंजिनाशी त्याची जोडी जमवणं ही या साऱ्या खटाटोपातली सगळ्यात नाजूक गोष्ट.

बॉनेट उंच का, तेही ऐकण्यासारखं आहे. १९५३ साली विलीज कंपनीने जीपमध्ये २१९९ सीसीचं हरिकेन इंजिन घातलं. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर आल्याने ते जुन्यापेक्षा उंच झालं, आणि कंपनीने बॉनेटच वर उचललं. सीजे-३बी नावाची हीच जीप महिंद्राने पुढे अनेक वर्षं आपल्याकडे बनवली. एका इंजिनाने गाडीचा चेहरा बदलला, तर ते इंजिन काढल्यावर आत काय काय हलत असेल!

त्याच्या जागी यायला दोन डिझेल इंजिनं हाताशी होती. एक चक्क शेतातून आलं. इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचं घराणं ते: चार इंच स्ट्रोक, चार सिलिंडर. सिलिंडरचा व्यास आधी तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच होता, तेव्हा ते साधारण २३५० सीसीचं भरे; पुढे व्यास साडेतीन इंच झाला आणि २५२३ सीसीचं झालं. दुसरं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं एक्सडीपी ४.९०. त्याच्या नावातच त्याची कुंडली आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. शहापूरहून कसारा घाट चढला की इगतपुरी लागते. तिथल्या महिंद्राच्या कारखान्यात ते तयार होई.

आता जोडीकडे येऊ. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तिथे बैलांचा मोठा बाजार असतो. घरी एक बैल असलेला शेतकरी दुसरा घेताना नुसता ताकदवान बैल बघत नाही. उंची बघतो, चाल बघतो, जू दोघांच्या मानेवर सारखं बसेल का ते बघतो. गिअरबॉक्स निवडताना नेमकं हेच करावं लागतं.

पहिलं जू म्हणजे बेल हाउसिंग, इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारं घंटेसारखं ओतीव कवच. एका बाजूचे बोल्ट इंजिनाच्या भोकांत बसायला हवेत, दुसऱ्या बाजूचे गिअरबॉक्सच्या. भोकं जुळत नसतील तर मधे लेथवर कापलेली पट्टी घालून जोडता येतं, पण क्रँकचा मध्य आणि कवचाच्या भोकाचा मध्य यांत चालतो तो फरक साधारण ०.१३ मिलिमीटरचा. माणसाच्या दोन केसांची जाडी! त्याहून जास्त फरक राहिला की क्लच झटके देतो, गाडी गिअरमधून सुटते आणि पायलट बेअरिंग अकाली झिजतं. अशी दोन जड धुडं केसाच्या मापाने समोरासमोर बसवायची, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

त्यानंतर क्लच प्लेट. जीपच्या मूळ टी-९० गिअरबॉक्सच्या शाफ्टवर दहा खाचा असतात. प्लेटचा मधला भाग त्या खाचांशी जुळायला हवा आणि प्लेटचा व्यास नव्या फ्लायव्हीलशी. डिझेलचा ठोकाही वेगळा. हे जुनं पेट्रोल इंजिन हवा सुमारे सातपट दाबतं, डिझेल वीसपटीच्या आसपास. कागदावर टॉर्क सारखाच दिसला तरी गिअरच्या दातांवर बसणारा प्रत्येक तडाखा जास्त जड असतो. म्हणून नुसता आकडा बघून गिअरबॉक्स निवडू नये.

आणि मग गिअरांची उतरंड. विलीजच्या या जीपमध्ये पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीचा) लो २.४६, आणि क्राउन-पिनियन ५.३८. तिन्हींचा गुणाकार करा: ३७. इंजिन सदतीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं! नारिवलीच्या पुढे पावसाने धुतलेल्या वाटेवर जीप मुंगीच्या चालीने चढते ती या सदतीसच्या जोरावर.

पण हीच उतरंड सपाट रस्त्यावर आड येते. हरिकेन ४००० फेऱ्यांपर्यंत जातं. टॉप गिअरमध्ये तेव्हा जीप ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असते. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल ३२०० फेऱ्यांवर थांबतं. गिअरबॉक्स तोच ठेवला तर वेग ऐंशीच्या आत अडकतो. म्हणून माणसं चार किंवा पाच गिअरचा बॉक्स शोधतात, आणि इथे खरी गुंतागुंत सुरू होते. नवा बॉक्स लांब असतो. जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अवघं ८० इंच, त्यामुळे मागचा प्रॉपेलर शाफ्ट आधीच आखूड. तो आणखी कापला की त्याचा कोन तीव्र होतो आणि गाडी थरथरते. शाफ्टच्या दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे असले तरच एकाचा हेलकावा दुसरा पुसून टाकतो.

त्यातच या जीपच्या ट्रान्सफर केसमधून मागे जाणारा शाफ्ट मध्यातून निघत नाही, बाजूने निघतो. मागच्या अ‍ॅक्सलचा गोळाही त्याच बाजूला सरकवलेला असतो. मध्यातून शाफ्ट काढणारा ट्रान्सफर केस आणलात तर मागचा अ‍ॅक्सलही बदलणं आलं. बदल इंजिनाचा, आणि धक्का थेट मागच्या चाकापर्यंत!

माझं स्पष्ट मत असं: सुटा गिअरबॉक्स भंगारातून उचलू नका. कंपनीनेच ज्या इंजिनाला जो बॉक्स लावला होता, ती जोडी घ्या. इंजिन, बेल हाउसिंग, क्लच, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, सगळं एकाच गाडीचं. अ‍ॅक्सल आणि शाफ्ट आधी टेपने मोजा. आणि पहिला बोल्ट सैल करण्याआधी आरटीओकडे जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. लेखी परवानगी हातात येऊ द्या, मगच जुनं इंजिन साखळीने वर उचला.