मोर्सचे ध्येय कशाने मोजावे?

जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. तारघरातला ‘कट्ट-कडकट्ट’ तर दूरमुद्रकांमुळे त्याच्या कितीतरी आधी थांबला होता. तरीही आज रात्री कुणी रेडिओ लावून ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची सुरुवात चाचपली, तर खरखरीतून मोर्सचे बारीक सूर ऐकू येतील. ते हौशी रेडिओचालकांचे, म्हणजे हॅम मंडळींचे असतात. २००३ साली जिनिव्हात झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने लघुलहरींवरील हौशी परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून टाकली आणि ती अट ठेवायची की नाही हे प्रत्येक देशावर सोपवले. त्यामुळे आज मोर्स शिकणारे बहुतेकजण केवळ आवडीने शिकतात, आणि आवडीने शिकणाऱ्याला आपले ध्येय आपणच ठरवावे लागते. ते बहुतेकदा एका आकड्यात सांगितले जाते: सहा महिन्यांत मिनिटाला १५ शब्द, वर्षभरात २०. माझे म्हणणे असे की, शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात हा आकडा ध्येय म्हणून उपयोगी पडत नाही आणि बऱ्याचदा वाट अडवतो. ध्येय कानाने काय करावे याचे हवे. ते साधत गेले की वेग मागोमाग येतो.

आधी हा वेग मोजतात कसा ते पाहू. मोर्समध्ये डिट, म्हणजे आखूड सूर, हे एकक. डा, म्हणजे लांब सूर, तीन एककांचा, दोन अक्षरांमधली मोकळी जागा तीन एककांची आणि दोन शब्दांमधली सातांची. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात, कारण पुढच्या मोकळ्या जागेसह तो बरोबर ५० एककांचा होतो. या हिशेबाने मिनिटाला ५ शब्दांच्या वेगात एक डिट २४० मिलिसेकंद टिकतो आणि २० शब्दांच्या वेगात ६०. पाच शब्दांच्या संथ गतीत मनाला डिट आणि डा मोजायला भरपूर सवड मिळते आणि शिकणारा नकळत मोजू लागतो. ‘एच’चे चार डिट आणि पाच या आकड्याचे पाच डिट तो बोटांवर मोजल्यासारखे ओळखतो. वेग दुप्पट झाला की मोजायला वेळच उरत नाही आणि सगळी इमारत डळमळते. तबल्यावरचा ‘तिरकिट’ ऐकणारा चार आघात मोजत बसत नाही, त्याच्या कानाला तो एकच बोल असतो. मोर्सचे अक्षरही असेच एका घासात ऐकू यायला हवे. संथ वेगापासून पायरीपायरीने चढणारे ध्येय मात्र नेमकी जी सवय पुढे मोडावी लागते, तीच आधी पक्की करते.

याला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे विल्यम लो ब्रायन आणि स्वतः तारयंत्र चालवलेले नोबल हार्टर यांनी तार शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख काढले आणि ते १८९७ व १८९९ साली प्रसिद्ध केले. पाठवण्याचे कौशल्य भराभर वाढत होते. ऐकून घेण्याचे मात्र संथपणे चढायचे आणि मध्येच आठवडेच्या आठवडे सपाट पठारावर थांबायचे. त्यांच्या मते या काळात शिकणाऱ्याची अक्षरे बसत असतात, पण शब्द अजून एकसंध ऐकू येत नसतात. ते येऊ लागले की आलेख पुन्हा उचल खातो, कारण मुरलेला तारवाला अक्षरे नव्हे तर शब्द आणि वाक्यांश ऐकतो. पुढे १९५८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी हे पठार अटळ नसल्याचे मांडले. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले, तर मला त्यातून एक गोष्ट दिसते: पठार येते की नाही, हे शिकण्याच्या पद्धतीवर पुष्कळ अवलंबून असावे. शब्द एकसंध ऐकण्याचे टोकाचे उदाहरण म्हणजे तारवाले टेड मॅकलरॉय: त्यांनी १९३९ साली मिनिटाला ७५.२ शब्द ऐकून घेण्याचा विक्रम केला. त्या वेगात एक डिट जेमतेम १६ मिलिसेकंदांचा. तो कुणी मोजून ऐकला असेल हे संभवतच नाही.

मग ध्येय कशाचे ठेवावे? जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३० च्या दशकात दाखवलेली वाट इथे फार मोलाची आहे. त्यांनी अक्षरे पहिल्यापासून पूर्ण वेगाने ऐकवली, पण सुरुवात फक्त दोन अक्षरांनी केली. ती सुमारे ९० टक्के बरोबर येऊ लागली की तिसरे, मग चौथे. इथे वेग ठरलेला राहतो आणि वाढते ती ओळखीची अक्षरे. ध्येयाची भाषाच बदलते: ‘या आठवड्यात १२ शब्दांचा वेग’ याऐवजी ‘या आठवड्यात नऊ अक्षरे, दहापैकी नऊ वेळा बरोबर’. फार्न्सवर्थ यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धतही याच जातीची. तिच्यात अक्षर वेगातच वाजते, फक्त अक्षरांमधली आणि शब्दांमधली जागा ताणलेली असते. विचाराला वेळ मिळतो, मोजायला मिळत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या संशोधनाने दाखवले की ‘जमेल तितके करा’ यापेक्षा नेमके आणि कठीण ध्येय माणसाकडून अधिक काम करवून घेते. मग ‘२० शब्द’ हे नेमके आणि कठीणच नाही का? आहे. पण रूथ कॅन्फर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी १९८९ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणाच्या एका नकली कामावर केलेला अभ्यास इथे विचारात घ्यावा लागतो. काम नवे असताना कामगिरीचे ध्येय दिले की ते लक्ष खाऊन टाकते. काम अंगवळणी पडल्यावर दिलेले ध्येय मात्र फायद्याचे ठरते. मोर्सच्या नवशिक्याचे सगळे लक्ष आवाज ओळखण्यात गुंतलेले असते. त्यातले थोडे जरी ‘आज वेग किती झाला’ या हिशेबाकडे वळले, तरी तेवढे कानातून वजा होते. म्हणून ध्येय नेमके असावेच, पण ते शिकण्याचे असावे. वेगाचा आकडा चाळीसेक चिन्हे बसल्यानंतर खुशाल घ्यावा.

त्या टप्प्यानंतरची ध्येयेही कानाच्या भाषेत सांगता येतात. पहिले ध्येय चुकलेले अक्षर सोडून देण्याचे. एका अक्षरावर मन अडकले की पुढची तीन हातची जातात, म्हणून जागा रिकामी सोडून पुढे जाणे हेही शिकावे लागते. दुसरे ध्येय शब्दांचे. इंग्रजीतले नेहमीचे शंभर शब्द, स्वतःचे कॉलसाइन (परवान्यातले ओळखनाव), ‘क्यूटीएच’ (ठिकाण) आणि ‘५९९’ (संकेताचा दर्जा) हे तुकडे फोड न करता ऐकू यावेत. हॅम संभाषणाचा सांगाडा ठरलेला असतो: कॉलसाइन, संकेताचा दर्जा, नाव, गाव, शेवटी निरोपाचे ७३. त्यामुळे मोजके तुकडे बसले की खरा संपर्क लवकर साधतो. तिसरे ध्येय पेन्सिल खाली ठेवण्याचे. मिनिटाला पंचवीसेक शब्दांपुढे हाताने लिहिणे बहुतेकांना झेपत नाही, म्हणून मनात ऐकून घेण्याचा सराव आधीच सुरू करावा. चौथे ध्येय पाठवण्याचे. आपलेच पाठवणे ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे आणि अक्षरांमधल्या जागा नीट पडतात का ते तपासावे. आणि आठवड्याला एक तरी संपर्क प्रत्यक्ष रेडिओवर साधावा. ‘क्यूआरएस’, म्हणजे ‘हळू पाठवा’, ही विनंती संकेतांत आहे ती वापरण्यासाठीच. ती करण्यात कमीपणा नाही.

कुणी म्हणेल, परीक्षेत आकडाच लागतो. खरे आहे. भारतात जनरल दर्जाच्या परवान्यासाठी मिनिटाला ८ शब्दांनी मोर्स घ्यावा आणि पाठवावा लागतो, तर रिस्ट्रिक्टेड दर्जाला ती अट नाही. पण आठ शब्दांचा वेग संथ अक्षरांनी गाठता येतो, तसा वेगवान अक्षरे आणि मोठ्या जागा ठेवूनही गाठता येतो. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला परीक्षेनंतर काही विसरावे लागत नाही. परीक्षेत अक्षरेच संथ असतील, तर शेवटचे काही दिवस त्या चालीची सवय करावी. संथाशी जुळवून घेणे वेगवान कानाला जड जात नाही.

सर्वात मूलभूत आक्षेप असा की, संगणक मोर्स वाचतो, मग एवढा खटाटोप कशाला? संगणक वाचतो हे मान्य. एफटी-८ सारख्या अंकीय पद्धती तर कानाला ऐकूही न येणाऱ्या क्षीण संकेतांतून संपर्क साधतात. पण हाताने पाठवलेला, विरत जाणारा, शेजारच्या स्टेशनांनी वेढलेला मोर्स वाचताना यंत्र अडखळते, तिथे सरावलेला कान एक सूर धरून ठेवतो. बोलण्याला अडीच किलोहर्ट्झच्या आसपास पट्टा लागतो, मोर्सचे शेदोनशे हर्ट्झमध्ये भागते. म्हणून ५ वॉटचा छोटा संच आणि एक तार एवढ्यावर देशोदेशी पोहोचता येते. शिवाय छंदात फळ पदरात पडण्याइतकेच ते स्वतः मिळवणे मोलाचे असते. गाणे यंत्रावर ऐकता येते म्हणून कुणी गायन शिकणे सोडत नाही.

सक्ती उठल्यामुळे मोर्सचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. सक्ती होती तेव्हा ध्येय परीक्षकाच्या घड्याळात होते आणि ते गाठले की अनेकांचा सराव तिथेच संपे. आता ते शिकणाऱ्याच्या कानात आहे. म्हणून सरावाच्या वहीत पहिल्या ओळीवर वेग लिहू नये. कालपर्यंत जुळवावे लागणारे आणि आज आपोआप ऐकू आलेले अक्षर किंवा शब्द तिथे लिहावा. रोज पंधरावीस मिनिटांच्या सरावाने ती यादी लांबत जाते. एके रात्री खरखरीतून कुणी आपले कॉलसाइन पुकारते, ते अक्षरे न जुळवता ओळखू येते, आणि हात मोर्सच्या ‘की’कडे आपणहून जातो.