आधी नोंद वाचा, मग मदत द्या



यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा उभारायचा होता. नहेम्याने आल्याबरोबर दगड गोळा केले नाहीत. तो रात्री उठला, थोडी माणसे घेऊन तटाभोवती फिरला, कुठे किती पडझड झाली आहे ते पाहिले आणि मगच लोकांना कामाला बोलावले. सेवेच्या कामात हाच क्रम योग्य होय. आपण मात्र पुष्कळदा दगड आधी गोळा करतो.

आपले सेवा मंडळ एका विधवा आजीला चार वर्षे दरमहा तांदूळ देत होते. तिची स्वतःची दीड एकर भातशेती आहे. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरले की भात कुजते. शेजाऱ्यांना नुकसानभरपाई मिळाली, आजीला मिळाली नाही. "नशीब माझं, फादर," एवढेच ती म्हणे.

मंडळातल्या एका मुलीने पीएम-किसान योजनेची गावाची यादी पाहिली. ही यादी कोणालाही पाहता येते. तीत आजीचे नाव नव्हते. मग जमिनीचा उतारा काढला. नवरा वारून अकरा वर्षे झाली होती, तरी जमीन त्याच्याच नावावर होती. वारसा नोंद झालीच नव्हती. म्हणून वर्षाचे ६,००० रुपये नाहीत आणि भरपाईही नाही. आम्ही तांदूळ दिला हे बरेच केले. पण पहिल्याच महिन्यात तो एक कागद वाचला असता, तर आजीला आपल्या हक्काचे मिळाले असते. यात चूक माझीही आहे.

सरकारजवळची माहिती ही जनतेची आहे, हे तत्त्व २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने पक्के केले. २०१२ साली केंद्र सरकारने आपली आकडेवारी सर्वांना खुली करण्याचे धोरण स्वीकारले. कर्नाटकात तर २००० सालापासून 'भूमी' योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर आहेत. म्हणजे विहीर खोदलेली आहे. दोर आणि घागर आपण न्यायची आहे.

अशा माहितीचे बळ किती, ते महाराष्ट्रात दिसले आहे. १९८०च्या दशकात डॉ. अभय बंग यांनी शेतमजुरांच्या किमान मजुरीमागचा सरकारी समितीचाच अहवाल तपासला. मजुरी दिवसाला ४ रुपये ठरली होती. आकडेमोडीतल्या चुका दाखवून, ती १२ रुपये हवी, असे त्यांनी सिद्ध केले आणि सरकारने मजुरी वाढविली. कोणत्याही दानपेटीतून एवढी रक्कम मजुरांच्या घरी कधी गेली नसती.

मंडळाने आणि प्रत्येक घराने पुढील गोष्टी कराव्यात.

१. उतारा वाचा. तलाठी, नाडकचेरी किंवा ग्राम वन केंद्रात चौकशी करा. ९व्या रकान्यात मालकाचे नाव, ११व्यात कर्ज व इतर बोजा, १२व्यात कसणारा व पिके असतात. मयताचे नाव दिसले तर मृत्यूचा दाखला व वंशावळ घेऊन वारसा नोंदीचा अर्ज द्या. फेडलेले कर्ज अजून दिसत असेल तर तेही कमी करून घ्या.

२. भाषेची अडचण लपवू नका. उतारा कानडीत असतो आणि आपली जुनी माणसे मराठी शाळेत शिकलेली. न कळलेल्या कागदावर अंगठा उठवू नये. कानडी वाचणारी मुले आता घरोघर आहेत. त्यांच्याकडून वाचून घ्यावे.

३. आरोग्याचे आकडेही पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी सुमारे ६५ आणि १०० स्त्रियांपैकी सुमारे ४८ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. बेळगाव जिल्ह्याचे पत्रकही उपलब्ध आहे. तेव्हा नाताळात बिस्किटांचे पुडे वाटण्याआधी अंगणवाडीत जाऊन मुलांची वजने विचारा आणि आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. घरी पालेभाजी व कडधान्ये असावीत, वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा टाळावा, कारण त्याने लोह अंगी लागत नाही.

४. यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आजीचे नाव यादीत नव्हते, पण आजी होती. यादी घेऊन घरोघर जावे. कागद आणि माणूस यांचा मेळ घालणे हेच मंडळाचे खरे काम.

शेवटी आपल्या घरचे. सरकारकडे हिशेब मागणाऱ्याने आपला हिशेब झाकून ठेवू नये. मंडळाकडे आलेले पैसे व झालेला खर्च यापुढे दर तीन महिन्यांनी चर्चच्या दाराशी लावला जाईल. मात्र मदत घेणाऱ्यांची नावे त्यात येणार नाहीत. गरिबाची लाज राखणे हाही धर्मच आहे.

आजीची वारसा नोंद आता झाली आहे. योजनेचा अर्जही दिला आहे. परवा ती चर्चमध्ये भेटली आणि म्हणाली, "फादर, तांदूळ आता दुसऱ्या कुणाला द्या."

येत्या रविवारी मिस्सानंतर आपापला उतारा घेऊन थांबा. वाचणारी मुले बसलेली असतील. परमेश्वर तुमच्या शेताला व घराला आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू