तीन 'श्यामची आई' आणि एक आई

माझ्या आईचे वय ८२. माहेर अमळनेरचे. लग्नानंतर ती लिंबायतला आली, तेव्हा सामानात साने गुरुजींची 'श्यामची आई' होती. अलीकडे दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाल्याने तिला छापील अक्षर वाचवेना. चिरंजीवांनी ई-रीडर आणला. त्यावर अक्षर हवे तेवढे मोठे होते, अशी आमची समजूत!

गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९५० साली ते निवर्तले. आपल्या कायद्यानुसार त्यानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपला, म्हणून २०११ पासून ते कोणालाही प्रसिद्ध करता येते आणि महाजालावर अनेक ठिकाणी मिळते. मी तीन ठिकाणांहून उतरवून घेतले.

पहिली प्रत म्हणजे जुन्या पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे. ती मोठी करताच ओळ पडद्याबाहेर जाई. दुसरी पीडीएफ संगणकावर सुरेख दिसली. पण ई-रीडरसाठी रूपांतर करताच इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. तिसरी युनिकोडमधील ईपब. अक्षर चौपट केले तरी ओळी आपोआप नव्याने जुळल्या.

लक्षणे तीन, तर निदानही तीन. छायाचित्रात यंत्राला अक्षर नसतेच, केवळ चित्र असते. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, वर देवनागरीचा मुखवटा. फाँट गेला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये मात्र 'क' हा आतूनही 'क'च असतो. देवनागरीला तेथे १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय मात्र डिसेंबर २०१६ मध्ये झाली.

तेव्हा पुस्तक कोठून घेतले याने फरक पडतो का? पडतो; परंतु तो दुकानाच्या नावाने नव्हे, तर तेथे मजकूर कसा सिद्ध केला आहे याने. विकतच्या पुस्तकांबाबत आणखी एक पथ्य पाळावे. पुष्कळ पुस्तकांना डिजिटल कुलूप असते आणि एका दुकानाचे पुस्तक दुसऱ्याच्या यंत्रावर बहुधा उघडत नाही. म्हणून आधी नमुना उतरवून, अक्षर मोठे करून पाहावे. औषध देण्यापूर्वी आपण बाळाचे वजन पाहतोच ना?

मित्रहो, हा प्रश्न आपल्या घरातलाही आहे. आपल्या स्मरणिकेच्या जुन्या अंकांच्या फाइली मी उघडून पाहिल्या. त्या जुन्या फाँटमध्येच आहेत. ज्या ज्येष्ठांनी खानदेशातून येऊन येथे मराठी टिकवली, त्यांच्या आठवणी त्यांत आहेत, आणि आज त्यांनाच त्या मोठ्या अक्षरात वाचता येत नाहीत. संपादक मंडळाने यंदापासून प्रत्येक लेखाची युनिकोड प्रत जपावी आणि जुने अंक हळूहळू रूपांतरित करावेत, ही विनंती. मुद्रिते तपासायला मी रविवारी येईन.

आई सध्या बाराव्या रात्रीपर्यंत पोहोचली आहे. पान उलटायला तिला आता कोणी लागत नाही.