फुकट फायरवॉल हवीय? आधी घरात आहे ती बघा

नवा लॅपटॉप घरात आला की आठवड्याभरात एक प्रश्न हमखास येतो: "फुकटातली चांगली फायरवॉल कोणती टाकू?" विचारणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं की मशीन सध्या उघड्यावर पडलंय. विंडोज असेल तर तसं नसतं. फायरवॉल आधीच आत असते, चालू असते आणि तिचे वेगळे पैसे कुणी मागत नाही. तरी हा प्रश्न वर्षानुवर्षं टिकून आहे, कारण त्याच्यामागे एक जुनं आणि अगदी खरं दुखणं आहे.

"विंडोजची आपली नावापुरती"

एकेकाळी हे खरंच होतं. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद करून ठेवलेली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा वर्म आला. त्याला कुणी मेल उघडायची किंवा सीडी घालायची गरज नव्हती. कम्प्युटर नेटला जोडलेला आणि पोर्ट १३५ उघडं, एवढं त्याला पुरायचं. मग साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवत मशीन बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच जुलैतच काढला होता, पण डायल-अपवरून तो उतरवून घ्यायला बसलं की तेवढ्यातच लागण व्हायची. पुढच्या वर्षी सॅसरने पोर्ट ४४५ मधून तोच धिंगाणा घातला. त्या दिवसांत लोकांनी झोनअलार्म, केरिओ, सायगेट अशी फुकटातली सॉफ्टवेअरं धडाधड टाकली, आणि योग्यच केलं.

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि तेव्हापासून फायरवॉल मुळातच चालू मिळू लागली. तरी ती फक्त आत येणाऱ्या जोडण्या तपासायची, त्यामुळे "एकतर्फी" हा शिक्का तिच्यावर बसला. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि बाहेर जाणाऱ्या जोडण्यांनाही नियम लावता येऊ लागले. शिक्का मात्र आजतागायत पुसला गेलेला नाही. व्हिस्टापासूनच विंडोजच्या पोटात फिल्टरिंगचा एक समाईक पाया आला. आज विंडोजसाठी मिळणारी बरीचशी फायरवॉल सॉफ्टवेअरं त्याच पायावर उभी आहेत. वरचे आलेख आणि रंग वेगळे असतात, पण पॅकेट अडवणारं यंत्र पुष्कळदा विंडोजचंच असतं. "अमुकचं इंजिन जास्त पॉवरफुल" असं दुकानदार सांगतो तेव्हा हे लक्षात ठेवावं.

"मी कॅन्सल दाबलं, म्हणजे त्याचं नेट तुटलं"

इथे जरा थांबू, कारण घरोघरी होणारा घोळ बहुतेक इथूनच सुरू होतो.

एखादा गेम किंवा व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की विंडोज एक चौकट दाखवते: या अ‍ॅपपर्यंत नेटवर्कला पोचू द्यायचं का? बघणारा समजतो, अ‍ॅप इंटरनेटवर जायची परवानगी मागतंय. संशय आला की तो कॅन्सल दाबतो आणि निर्धास्त होतो. प्रश्न मात्र उलट्या दिशेचा असतो. बाहेरच्या कुणाला आपणहून या अ‍ॅपशी जोडणी करू द्यायची का, एवढंच विंडोज विचारत असते. कॅन्सल दाबूनही अ‍ॅप बाहेर हवं तिथे जाऊ शकतं. विंडोज फायरवॉलचा मूळ कल असा: आत येणारी अनाहूत जोडणी अडवा, बाहेर जाणारी जाऊ द्या, आणि बाहेर गेलेल्याला आलेलं उत्तर आत घ्या. सोसायटीचा वॉचमन पाहुण्याला नाव विचारतो, रहिवासी बाहेर निघाला तर विचारत नाही, आणि त्याने स्वतः मागवलेलं पार्सल आलं तर वर सोडतो, तसंच काहीसं.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. कॅन्सल म्हणजे "नंतर बघू" असं विंडोज मानत नाही. ती त्या अ‍ॅपसाठी अडवण्याचे नियम लिहून टाकते, सहसा दोन: एक टीसीपीचा, एक यूडीपीचा. परवानगीचा आणि अडवण्याचा असे दोन्ही नियम समोरासमोर आले तर अडवण्याचाच चालतो. म्हणून सहा महिन्यांनी घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून तोच गेम एकत्र खेळायचा म्हटलं तर जोडणी होत नाही. नवी परवानगी देऊनही होत नाही, आणि शेवटी कुणीतरी वैतागून फायरवॉलच बंद करून टाकतं. ऑफिसचं काम घरून करणाऱ्यांकडे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं किंवा प्रिंटरच्या शेअरिंगचं असंच होतं. दुरुस्तीला आलेला मुलगा फायरवॉल ऑफ करतो, प्रिंट निघते, सगळे खूश. ती नंतर पुन्हा ऑन करायची कुणाला आठवण राहत नाही.

खरा उपाय पाच मिनिटांचा आहे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' हे इंग्रजीत टाइप करा आणि 'इनबाउंड रूल्स' उघडा. हिरवी खूण म्हणजे परवानगी, लाल खूण म्हणजे अडवणूक. त्या अ‍ॅपच्या नावापुढची लाल ओळ पुसून टाका. पुढच्या वेळी अ‍ॅप उघडाल तेव्हा विंडोज पुन्हा विचारील. याच यादीत कधीच काढून टाकलेल्या गेमांच्या हिरव्या ओळीही सापडतील. साफसफाई तिथेच उरकून घ्यावी.

प्रिंटरचं उत्तर बहुधा नेटवर्कच्या प्रोफाइलमध्ये असतं. नवं वाय-फाय जोडलं की विंडोज ११ ते 'पब्लिक' धरते आणि इतर मशीनना आपला कम्प्युटर दिसू देत नाही. घरचं वाय-फाय 'प्रायव्हेट' करा, हॉटेलचं, हॉस्टेलचं आणि स्टेशनवरचं पब्लिकच राहू द्या. उलट करणारेही भेटतात आणि त्यांची फायरवॉल चालू असते, पण लॉजच्या वाय-फायवर फाइल शेअरिंग खुलं असतं.

"राउटर आहे ना, मग कशाला?"

फायबरच्या जोडणीबरोबर आलेला राउटर बाहेरून अनाहूत आलेलं पॅकेट बहुतेक वेळा टाकून देतो, कारण ते घरातल्या कुठल्या मशीनला द्यायचं हेच त्याला कळत नाही. हे संरक्षण खरं आहे. पण घरातल्या घरात चाललेल्या रहदारीकडे तो बघत नाही. पाहुण्याचा फोन, स्मार्ट टीव्ही, कधीच अपडेट न झालेला सीसीटीव्ही आणि तुमचा लॅपटॉप हे सगळे एकाच अंगणात असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं ते एकदा आत शिरल्यावर शेजारच्या मशीनचं पोर्ट ४४५ शोधत. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, हेही विसरू नये. पॅच न घेता फायरवॉलवर विसंबणं अर्धवटच.

शिवाय आयपीव्ही६ आलं. जिओसारख्या कंपन्यांनी आपल्याकडे ते मोठ्या प्रमाणावर वापरात आणलं. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो, म्हणजे "कुणाला द्यायचं कळत नाही" हा आपोआप मिळणारा आडोसा उरत नाही. तिथे राउटरमधली आयपीव्ही६ची फायरवॉल चालू असावी लागते आणि मशीनवरचीही. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो तेव्हा तर घरचा राउटर मध्ये नसतोच.

"प्रत्येक गोष्ट विचारणारी फायरवॉल जास्त सुरक्षित"

बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर ताबा हवा असेल तरच वेगळ्या सॉफ्टवेअरचा विचार करावा. असा ताबा हवा असणं गैर नाही. कुठलं अ‍ॅप गुपचूप कुठे बोलतं हे कळणं उपयोगाचं असतं. पण त्याची किंमत म्हणजे रोजचे प्रश्न. 'एसव्हीसीहोस्ट अमुक पत्त्याशी जोडणी करू पाहतोय, परवानगी?' एसव्हीसीहोस्ट या एकाच नावाखाली विंडोजच्या डझनावारी सेवा चालतात. नाही म्हटलं तर अपडेट बंद पडू शकतं किंवा घड्याळ चुकू शकतं, हो म्हटलं तर आपण नेमकं कशाला हो म्हटलं हे कळत नाही. घरात चार माणसं मशीन वापरत असतील तर तिसऱ्या दिवसापासून सगळेच डोळे मिटून 'अलाउ' दाबतात. असा पहारा असून नसल्यासारखा.

माझं मत विचाराल तर घरच्या वापराला पॉप-अप न दाखवणारं टायनीवॉल बरं. ते मुक्त-स्रोत आहे आणि ओळखीच्या अ‍ॅपना सोडून बाकीच्यांना अडवून ठेवतं. नवं काही चालेना तर आपण स्वतः त्याला यादीत घालायचं. विंडोजच्याच फायरवॉलला सोपी मूठ हवी असेल तर 'विंडोज फायरवॉल कंट्रोल' आहे. बिनीसॉफ्टचं हे सॉफ्टवेअर २०१८ पासून मालवेअरबाइट्सकडे आहे आणि फुकट मिळतं. ज्याला खोलात जायची हौस आहे त्याने सिंपलवॉल किंवा पोर्टमास्टर बघावं, पण घरातल्या ज्येष्ठांच्या मशीनवर ते टाकून गावाला जाऊ नये. फोन येत राहतील.

आणखी एक मर्यादा आधीच सांगितलेली बरी. घातक प्रोग्राम अ‍ॅडमिनच्या अधिकाराने आधीच आत चालू असेल तर तो फायरवॉलचा नियम स्वतः लिहू शकतो किंवा ब्राउजरच्या आडून बाहेर जाऊ शकतो.

"दोन असल्या तर दुप्पट"

एकाच मशीनवर दोन फायरवॉल म्हणजे दोन अधिकारी आणि एकच फाइल. त्यामुळेच दुसऱ्या कंपनीची मोठी सुरक्षा सॉफ्टवेअरं आत येताना विंडोजच्या फायरवॉलला बाजूला करतात. जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने डीएनएसमधला गंभीर दोष दुरुस्त करणारा पॅच काढला आणि झोनअलार्म वापरणाऱ्या अनेकांचं नेटच बंद पडलं. चूक पॅचची नव्हती. बदललेली वागणूक झोनअलार्मला ओळखता आली नाही. कंपनीने सुधारित आवृत्ती देईपर्यंत लोक पॅच काढून बसले, म्हणजे फायरवॉलसाठी दार उघडं ठेवलं.

त्याहून विचित्र प्रकार मार्च २००४ मधला. ब्लॅकआइस ही त्या वेळची नावाजलेली, विकत मिळणारी फायरवॉल. तिच्यातला दोष जाहीर झाला आणि जेमतेम एका दिवसात विटी नावाचा वर्म सुटला. त्याने सुमारे १२,००० मशीन गाठली आणि डिस्कवर कचरा लिहून माहिती नासवली. ज्यांच्याकडे ती फायरवॉल नव्हती त्यांना काहीच झालं नाही. फायरवॉलही सॉफ्टवेअरच असते, तीही अपडेट करावी लागते आणि वापरात नसेल तर काढून टाकावी लागते.

"फुकट आहे, म्हणजे नुकसान काय?"

२०१६ च्या फेब्रुवारीत गूगलच्या टॅव्हिस ऑरमंडी यांनी दाखवून दिलं, की कोमोडो या कंपनीच्या फायरवॉल असलेल्या सुरक्षा संचाबरोबर येणाऱ्या क्रोमोडो या ब्राउजरमध्ये वेबची एक मूलभूत सुरक्षा चौकटच बंद केलेली आहे. त्याच संचातल्या मदतसेवेबरोबर दुरून मशीन चालवता येणारा एक सर्व्हरही बसवला जात होता, तोही कच्च्या पासवर्डवर. फायरवॉल घ्यायला गेलेल्या माणसाच्या घरात असं सामान आलं.

अवास्टचं प्रकरण तर पैशांचंच. फुकट अँटिव्हायरस वापरणाऱ्यांच्या ब्राउजिंगची माहिती कंपनीच्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. २०२० मध्ये हे उघड झाल्यावर जम्पशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. सगळेच फुकटवाले असे नसतात. पण तपासायला हवं ते हेच: पैसे कुठून येतात, शेवटचं अपडेट कधी आलं, आणि इन्स्टॉल होताना 'कस्टम' निवडल्यावर आणखी काय काय टिक करून ठेवलंय. डाउनलोड निर्मात्याच्याच साइटवरून करावं. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारा दुवा जाहिरातीचा असू शकतो.

"ऑनलाइन टेस्टमध्ये सगळी पोर्टं स्टेल्थ आली"

छान. पण ती टेस्ट बहुधा तुमच्या राउटरची झाली, मोबाइल डेटावर असाल तर कंपनीच्या यंत्रणेची. लॅपटॉपपर्यंत ती पोचलीच नाही. आणि 'बंद' म्हणून उत्तर देणारं पोर्ट व काहीच न बोलणारं पोर्ट, दोन्हींतून आत शिरता येत नाही. त्या फरकासाठी सॉफ्टवेअर बदलायचं कारण नाही.

"फायरवॉल आहे, मग खात्यातून पैसे कसे गेले?"

वीज तोडण्याचा मेसेज येतो, त्यातल्या नंबरवर आपणच फोन करतो, पलीकडचा सांगेल ते रिमोट सपोर्टचं अ‍ॅप आपणच टाकतो. ते अ‍ॅप आपल्याकडून बाहेर जोडणी करतं, तीही साध्या वेबसाइटसारखी. फायरवॉलच्या दृष्टीने काही वावगं घडलेलंच नसतं. अशा वेळी आधी नेट तोडा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: तिथली फायरवॉल बरेचदा बंदच आढळते. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली जाऊन चालू करावी. ती फक्त येणाऱ्या जोडण्या बघते. जाणाऱ्यांसाठी पॅट्रिक वॉर्डल यांच्या ऑब्जेक्टिव्ह-सीचं लुलू हे फुकट आणि मुक्त-स्रोत साधन आहे. उबुंटूत यूएफडब्ल्यू बसवलेली मिळते, पण चालू आपल्याला करावी लागते.

आणि आधीच एखादी दुसऱ्या कंपनीची फायरवॉल टाकून झाली असेल आणि ती नको असेल, तर फोल्डर डिलीट करून भागत नाही. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. मग विंडोज सिक्युरिटीत 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडून डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक या तिन्हींपुढे 'ऑन' दिसतंय का बघा. एखादं ऑफ राहिलं असेल तर तिथेच चालू करा. नियमांचा फारच गुंता झाला असेल तर त्याच पानावर 'रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट' आहे. ते दाबल्यावर हाताने केलेले सगळे नियम जातात, प्रिंटरचेही.