भूलतज्ज्ञाचे दायित्व आणि विमा

मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्यास मोटारीने पुण्यास आणण्यात आले. तेथील शल्यचिकित्सकाने मॉर्फियाचे इंजेक्शन दिले. परंतु भूल न देताच जोराने ओढून हाड बसविले, असा वडिलांचा आरोप होता. अपघातास आठवडा झाला तोच तरुण मरण पावला. आपण हाड बसविलेच नाही, पाय केवळ स्थिर केला, हा डॉक्टरांचा बचाव न्यायालयांनी मानला नाही. वेदनेच्या आघाताने मृत्यू ओढवला, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली कायम केला. नुकसानभरपाई होती ३,००० रुपये.

या निकालात वैद्याच्या कर्तव्याचे माप सांगितले आहे. अत्युच्च कौशल्याची अपेक्षा नाही, पण अगदी कमी दर्जाचेही चालणार नाही. वाजवी काळजी हवी. तत्त्व तेच राहिले, आकडे मात्र बदलले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, आणि २००९ साली हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटच्या प्रकरणात भरपाई १ कोटी रुपयांवर गेली.

भूलतज्ज्ञाची स्थिती यात विशेष नाजूक असते. जबलपूर किंवा नागपूर यांसारख्या शहरांत तो पुष्कळदा एकाच दिवशी अनेक खाजगी रुग्णालयांत जातो. रुग्णाची व त्याची ओळख शस्त्रक्रियेच्या काही वेळ आधी होते. मेंदूला प्राणवायू न मिळण्याची काही मिनिटे आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतात. अशा वेळी दावा लहान कसा असेल? शिवाय रुग्णालयाने घेतलेल्या विम्यात बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाचा समावेश असेलच असे नाही. म्हणून त्याने स्वतःच्या नावे व्यावसायिक दायित्व विमा घ्यावयास हवा.

हा विमा भरपाईची रक्कम आणि, विमा कंपनीच्या संमतीने केलेला, न्यायालयीन बचावाचा खर्च देतो. त्यास एका घटनेपुरती व संपूर्ण वर्षाची अशा दोन मर्यादा असतात. मद्याच्या अंमलाखाली केलेले उपचार आणि गुन्ह्याबद्दलचा दंड यांतून वगळलेले असतात. तुरुंगवास तर कोणतीच कंपनी वाटून घेऊ शकत नाही!

विम्याचा एक अनपेक्षित लाभही झाला. अमेरिकेत भूलतज्ज्ञांवरील दावे इतके महाग पडत, की हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी भूल चालू असताना रुग्णावर सतत लक्ष ठेवण्याचे किमान नियम ठरविले. ते १९८६ साली प्रसिद्ध झाले. पुढे तेथे अपघात कमी झाले आणि भूलतज्ज्ञांचे हप्तेही उतरले. बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारे यंत्र आज लहान रुग्णालयांतही दिसते.

एक अट मात्र सहसा दुर्लक्षिली जाते. भारतातील असे विमे बहुधा दावा दाखल होतो त्या काळासाठी असतात. भूल दिली त्या दिवशी विमा होता, एवढे पुरत नाही. दाव्याच्या दिवशीही तो चालू असावा लागतो, आणि घटना करारात नमूद केलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी लागते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत असून सबळ कारणाने विलंब माफही होतो. हप्ता एकदा चुकला तर जुनी पूर्वलक्षी तारीख जाऊ शकते. त्यामुळे व्यवसाय सोडलेल्या भूलतज्ज्ञालाही आणखी काही वर्षे विमा चालू ठेवावा लागतो.