भाकरीवर उमटलेला चेहरा

आमच्या आईच्या तव्यावर एकदा भाकरीला असे डाग पडले की दोन डोळे, नाक अन् दाढी दिसायला लागली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बाई, हे तर प्रभू येशू! खाऊ नका, क्रूसाखाली ठेवा."

आपल्या डोळ्यांना चेहरा शोधायची सवयच असते. ढगात, भिंतीच्या ओलीतही तो दिसतो. 1976 साली मंगळाच्या फोटोत माणसाचं तोंड दिसलं. पुढे स्वच्छ फोटो आले, तेव्हा ती साधी टेकडी निघाली.

आता ख्रिस्ती माणसानं काय समजावं? चारही शुभवर्तमानांत येशू दिसायला कसे होते, हे कुठेच लिहिलेलं नाही. लांब केस, दाढी हे रूप चित्रकारांनी दिलं. कॅलेंडरवर दिसणारं एक चित्र तर वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकारानं 1940 साली काढलेलं आहे. म्हणजे भाकरीवर आपण ओळखतो ते बहुतेक कॅलेंडरच! कॅथलिक मंडळी मूर्ती-चित्रं आठवणीसाठी ठेवतात, प्रोटेस्टंट घरांत बहुधा नुसता क्रूस असतो. पण डागाची पूजा करा, असं दोन्हीकडे शिकवत नाहीत. 2024 च्या मे महिन्यात व्हॅटिकननं नवे नियम काढले. चमत्काराची बातमी आली की बिशपांनी आधी नीट चौकशी करायची, घाईनं काही जाहीर करायचं नाही.

चौकशी का हवी, ते मुंबईत दिसलं. 2012 साली विलेपार्ल्याजवळ इर्ला इथं वेलंकणी मातेच्या चर्चपाशी क्रूसावरच्या येशूंच्या पायातून पाणी टपकू लागलं. लोक ते भरून नेत होते. विवेकवादी सनल एडमारुकू यांनी पाहणी केली. जवळची मोरी तुंबलेली, तिचं पाणी भिंतीत झिरपून वर चढत होतं. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं ना, तसंच. त्यांच्यावर भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, ते देश सोडून गेले. मला हे बरं वाटलं नाही. तुंबलेल्या मोरीचं पाणी कुणी आजारी लेकराला पाजलं असतं, तर?

अन् भाकर? येशूंनी शेवटच्या जेवणात भाकर मोडून शिष्यांना वाटली होती. आईनं तेच केलं. चेहऱ्याचा अर्धा भाग मावशींच्या ताटात गेला. त्या जरा थबकल्या, मग म्हणाल्या, "चटणी हाय का गं?"